जिंकल्याचं देणं: अबुजातल्या ठिय्याचा प्रकरण अभ्यास

१४ डिसेंबर २०१६. नायजेरियाची राजधानी अबुजा. संसदेत राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प मांडत होते आणि संसदेबाहेर देशाच्या महिला फुटबॉल संघातल्या मुली हातात फलक घेऊन उभ्या होत्या. अकरा दिवसांपूर्वी याच मुलींनी कॅमेरूनला कॅमेरूनच्याच मैदानावर हरवून आफ्रिकेचं अजिंक्यपद जिंकलं होतं. मायदेशी परतल्यावर त्या घरी गेल्याच नाहीत. अबुजातल्या आगुरा हॉटेलात त्यांनी ठाण मांडलं. बोनस आणि भत्ते हातात पडल्याशिवाय खोल्या सोडणार नाही, असं त्यांनी देशाच्या फुटबॉल महासंघाला सांगून टाकलं. दिवस जात राहिले, पैसे आले नाहीत, म्हणून त्या थेट संसदेच्या दारात पोहोचल्या.

बातम्यांमध्ये थकबाकीचा आकडा आला तो प्रत्येकी २३,६५० डॉलरचा. त्या वेळच्या दराने हे साधारण सोळा लाख रुपये होतात. पथकात वीस खेळाडू धरल्या तरी एकूण रक्कम पावणेपाच लाख डॉलरच्या आसपास जाते. व्यक्तीसाठी ही मोठी रक्कम आहे. आफ्रिकेतली सर्वाधिक लोकसंख्या असलेल्या, तेल विकणाऱ्या देशाच्या तिजोरीसाठी ती किरकोळ आहे. मग हे पैसे अडले कुठे आणि का, हा या प्रकरणाचा प्रश्न. माझं उत्तर आधीच सांगतो: पैसे नव्हते म्हणून ते अडले नाहीत. या मुलींच्या कामाचा मोबदला हे देणं आहे, असं कुणी कधी मानलंच नव्हतं, म्हणून ते अडले.

हे समजायला संघाचा थोडा इतिहास लागतो. 'सुपर फाल्कन्स' हे या संघाचं नाव. फाल्कन म्हणजे ससाणा. फेब्रुवारी १९९१ मध्ये घानाला ५-१ ने हरवून या संघाने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये पाऊल टाकलं. त्याच वर्षी गिनी आणि कॅमेरूनलाही हरवून तो आफ्रिकेतर्फे चीनमधल्या पहिल्या महिला विश्वचषकाला गेला. तिथे जर्मनी, इटली आणि चायनीज तैपेई या तिघांकडूनही हरला, एकही गोल न करता. चार वर्षांनी स्वीडनमध्ये नॉर्वेने आठ गोल चढवले, पण कॅनडाशी ३-३ अशी बरोबरी झाली. आणखी चार वर्षांनी, १९९९ मध्ये अमेरिकेत, हा संघ उत्तर कोरिया आणि डेन्मार्कला हरवून उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला.

त्या उपांत्यपूर्व सामन्यावर थोडं थांबायला हवं. मेरीलँडमधलं लँडओव्हर, समोर ब्राझील. मध्यंतराला ब्राझील तीन गोलांनी पुढे. दुसऱ्या अर्धात नायजेरियाने तिन्ही गोल फेडले, सामना जादा वेळेत गेला. तेव्हा 'गोल्डन गोल'चा नियम होता: जादा वेळेत जो आधी गोल करेल तो जिंकला. ब्राझीलच्या सिसीने फ्री किकवर तो गोल केला आणि ३-४ असा सामना गेला. त्या संघात न्किरू ओकोसिएमे होती. डोक्याने गोल करण्यात इतकी पटाईत की तिला 'हेडमिस्ट्रेस' म्हणत. मर्सी अकिडे होती, जी पुढे २००१ मध्ये आफ्रिकेची पहिली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरली. आणि फ्लॉरेन्स ओमागबेमी होती, जी या प्रकरणात पुन्हा भेटेल. विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलेला तो आफ्रिकेतला पहिला महिला संघ.

खंडात तर त्यांना जोडच नव्हती. १९९८ पासून आफ्रिकेची महिला स्पर्धा नियमित होऊ लागली. १९९८, २०००, २००२, २००४, २००६ अशी सलग पाच जेतेपदं नायजेरियाची. २००८ मध्ये इक्वेटोरियल गिनीने ही मालिका मोडली, २०१२ मध्येही जेतेपद त्यांच्याकडेच गेलं, पण २०१० आणि २०१४ पुन्हा नायजेरियाचे. म्हणजे २०१६ च्या स्पर्धेआधी झालेल्या नऊ स्पर्धांपैकी सात या संघाने जिंकल्या होत्या. (१९९१ आणि १९९५ च्या पात्रता स्पर्धाही धरल्या तर नऊ.) हा आकडा लक्षात ठेवा, पुढे एका मंत्र्यांच्या वाक्याशेजारी तो ठेवायचा आहे.

आता याउंडे. ३ डिसेंबर २०१६, अहमदू अहिजो स्टेडियम. यजमान कॅमेरूनचा संघ त्या स्पर्धेत एकही सामना हरलेला नव्हता आणि स्टेडियम त्यांच्या पाठीराख्यांनी खचाखच भरलेलं. नायजेरियाच्या प्रशिक्षक होत्या फ्लॉरेन्स ओमागबेमी. चार विश्वचषक खेळलेल्या, कर्णधार म्हणून आफ्रिकेचं अजिंक्यपद उंचावलेल्या. ऐंशी मिनिटं उलटली तरी गोल नव्हता. ८४ व्या मिनिटाला डिझायर ओपारानोझीने गोल केला आणि तोच निर्णायक ठरला. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणून, दोन्ही नात्यांनी ओमागबेमी यांनी हे अजिंक्यपद जिंकलं. स्पर्धेत सर्वाधिक गोल होते असिसात ओशोआलाचे. ती तेव्हा आर्सेनलकडून खेळत होती, ओपारानोझी फ्रान्समध्ये गँगाँकडून. पण सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. अनेक जणी मायदेशातल्या लीगमध्ये खेळत होत्या, जिथे क्लबचा पगार तुटपुंजा आणि तोही वेळेवर मिळेलच याची शाश्वती नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय संघाचा बोनस म्हणजे वर्षभराची बेगमी होती.

यातल्या रकमा कशा जमतात ते सांगायला हवं, कारण तंटा त्यातूनच उभा राहतो. राष्ट्रीय संघाच्या खेळाडूला महासंघाकडून मासिक पगार नसतो. तिला मिळतो तो शिबिरातला रोजचा भत्ता, प्रवासखर्च आणि सामन्यागणिक बोनस: जिंकल्यास इतका, बरोबरी झाल्यास इतका, अंतिम फेरी गाठल्यास वेगळा. हे आकडे बहुतेक वेळा स्पर्धेच्या तोंडावर ठरतात, बरेचदा तोंडीच. नायजेरियाचा महासंघ स्वतःच्या पायावर उभा नव्हता, सरकारी निधीवर चालायचा. म्हणजे खेळाडूने घाम गाळला की तिचा पैसा महासंघाकडून क्रीडा मंत्रालयाकडे, तिथून अर्थ खात्याकडे मागायचा आणि त्याच वाटेने परत यायची वाट बघायची. प्रत्येक टेबलावर फाइल थांबू शकते. आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस खरंच म्हणू शकतो की पैसे माझ्याकडे नाहीत.

महासंघाचे सरचिटणीस मोहम्मद सानुसी यांनी तेच सांगितलं. मुलींचा पैसा आम्ही दाबून ठेवलेला नाही, त्यांचा त्यावर हक्क आहे हे आम्हाला मान्य आहे, पण देश कठीण काळातून जातोय, त्यांनी धीर धरावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. यात खोटं काही नव्हतं. तेलाचे भाव पडले होते, २०१६ मध्ये नायजेरियाची अर्थव्यवस्था मंदीत गेली होती. जूनमध्ये नायरा या देशाच्या चलनाचा दर मोकळा सोडल्यावर त्याची किंमत घसरली होती, त्यामुळे डॉलरमध्ये ठरलेला बोनस नायरात मोजताना फुगला होता. अडचण खरी होती, हे मी मान्य करतो.

पण मग क्रीडामंत्री सोलोमन दालुंग बोलले, आणि त्या बोलण्याने प्रकरणाची खरी गाठ उघड झाली. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: संघ जिंकून येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तशी खात्री असती तर सहभागाचा खर्च आणि खेळाडूंची देणी यांचं नियोजन आधीच केलं असतं.

नऊपैकी सात वेळा अजिंक्यपद मिळवणारा संघ जिंकेल याची मंत्र्यांना कल्पना नव्हती. हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं आणि दर वेळी त्यातली एकच गोष्ट टोचत राहिली. इथे मंदीचं नाव नाही. इथे सरळ सांगितलंय की या संघाच्या जिंकण्यासाठी अंदाजपत्रकात ओळच नव्हती. घरात लग्न ठरलं आणि सोनाराचं बिल आल्यावर यजमान म्हणाला, मुलगी खरंच नवऱ्याघरी जाईल असं वाटलं नव्हतं, तर ऐकणारा काय म्हणेल? संघाला स्पर्धेला पाठवलं तिथेच जिंकण्याची शक्यता सरकारने मान्य केली होती. बोनसचा दर ठरवला तिथे त्या शक्यतेची किंमतही मान्य केली होती. राहिलं होतं ते फक्त तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवणं.

मुलींनी घेतलेला मार्ग नवा नव्हता. बारा वर्षांपूर्वी, २००४ मध्ये, जोहान्सबर्गला अंतिम सामन्यात कॅमेरूनला ५-० ने हरवल्यावर याच संघाने हॉटेल सोडायला नकार दिला होता. त्या सामन्यातले चार गोल एकट्या पर्पेचुआ न्क्वोचाचे होते. पुढे ती चार वेळा आफ्रिकेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. तेव्हाही कारण हेच: थकलेले बोनस. म्हणजे २०१६ च्या संघातल्या बहुतेक मुली शाळकरी होत्या तेव्हापासून ही वहिवाट पडलेली होती. जिंका, हॉटेलात बसा, कुणीतरी मोठा माणूस मध्ये पडेपर्यंत बसून राहा.

या वेळी मोठा माणूस मध्ये पडला तो संसदेच्या दारात. राष्ट्राध्यक्षांचे चीफ ऑफ स्टाफ अब्बा क्यारी यांनी खेळाडूंची भेट घेऊन पैसे मिळतील असं आश्वासन दिलं. नंतरच्या काही दिवसांत रक्कम सुटली आणि ठिय्या संपला. बातम्यांचा शेवट इथे झाला. पण प्रकरण अभ्यास म्हणून बघताना मला त्याच्या पुढचं वर्ष जास्त बोलकं वाटतं. २०१७ मध्ये आफ्रिकेच्या या अजिंक्य संघाने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही. मित्रत्वाचा सुद्धा नाही. महासंघाने लावलाच नाही. आणि सामना नाही म्हणजे बोनस नाही, भत्ता नाही, शिबिर नाही. हा सूड होता असं मी म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही. दुर्लक्ष पुरेसं होतं. एप्रिल २०१८ मध्ये नवे स्वीडिश प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांच्या हाताखाली संघ फ्रान्समध्ये ल माँला खेळला आणि ८-० ने हरला. तरी त्याच वर्षाच्या अखेरीस अक्रामध्ये दक्षिण आफ्रिकेला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून अजिंक्यपद राखलं. या संघाच्या चिवटपणाची परीक्षा कुणी किती वेळा घ्यावी याला काही सीमा नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळणं बरोबर नाही. नायजेरियाच्या पुरुष संघालाही बोनससाठी भांडावं लागतं, मग हा स्त्रियांचा प्रश्न कसा? खरंय. २०१४ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्धच्या सामन्याआधी पुरुष संघ बोनसच्या वादामुळे सरावाला उतरला नव्हता. व्यवस्था दोघांचीही तीच आणि दोष दोघांनाही भोवतो. पण भोगण्यात फरक आहे. पुरुष संघातले बहुतेक खेळाडू युरोपातल्या क्लबांकडून भरपूर पगार घेतात, बोनस उशिरा आला तरी घरचं भाडं थकत नाही. त्यांचे सामने वर्षभर होतात, त्यामुळे पुढच्या सामन्याआधी अडून बसायची संधी सतत असते. महिला संघाचे सामने तुरळक. एकदा स्पर्धा संपली की वर्षभर कुणाला त्यांची गरज नसते. तक्रार करणारीला पुढच्या वेळी वगळणंही सोपं, कारण ती का वगळली हे विचारायला प्रेक्षकच नसतो.

हे शेवटचं वाक्य हवेतलं नाही. याउंडेला ८४ व्या मिनिटाला गोल करणाऱ्या ओपारानोझीचंच पाहा. २०१९ मध्ये ती संघाची कर्णधार होती. फ्रान्समधल्या विश्वचषकात संघ दक्षिण कोरियाला हरवून बाद फेरीत पोहोचला, तिथे जर्मनीकडून ३-० ने हरला आणि मुली पुन्हा हॉटेलात बसल्या. या वेळी मागणीत चालू स्पर्धेचे भत्ते होते आणि जुनी थकबाकीही. पैशाचा काही भाग सुटला. ओपारानोझीने पुढे जाहीरपणे सांगितलं की त्या आंदोलनाचं नेतृत्व केल्यामुळे तिचं कर्णधारपद काढून घेतलं गेलं. नंतर बराच काळ ती संघाबाहेर होती. २०१४ च्या आणि २०१६ च्या, दोन्ही अंतिम सामन्यांत गोल केलेली खेळाडू.

या सगळ्या तंट्यांच्या तारखा शेजारी मांडल्या की एक गोष्ट दिसते, जी मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. २००४ मध्ये मुली अडून बसल्या त्या अंतिम सामन्यानंतर. २०१६ मध्येही नंतर, २०१९ मध्येही नंतर. सामना मागे पडल्यावर खेळाडूच्या हातात उरतं काय? हॉटेलची खोली, अंगावरची जर्सी आणि पत्रकारांचे फोन नंबर. महासंघाला त्यांच्याकडून तेव्हा काहीच नको असतं. २०२२ पासून मात्र वेळ बदलली. त्या वर्षी जुलैमध्ये मोरोक्कोत आफ्रिका चषकाच्या उपांत्य सामन्यात नायजेरियाच्या दोघींना लाल कार्ड मिळालं, नऊ जणींनी १-१ अशी बरोबरी टिकवली आणि शूटआऊटमध्ये संघ हरला. मग तिसऱ्या क्रमांकाचा सामना शिल्लक असतानाच खेळाडूंनी थकलेल्या बोनससाठी सरावावर बहिष्कार टाकला. तो सामना झाम्बियाने १-० ने जिंकला. काही जणांनी पराभवाचं खापर आंदोलनावर फोडलं. मला ते पटत नाही. पण असं कुणी म्हणेल हे ठाऊक असूनही त्या बसल्या, यातून त्या काय शिकल्या होत्या ते कळतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नायजेरियाची सतरा वर्षांखालील मुलींची टीम आपल्याकडे आली होती, हे महाराष्ट्रात आणि गोव्यात किती जणांना आठवत असेल कुणास ठाऊक. 'फ्लेमिंगोज' हे त्यांचं नाव. भारतात झालेल्या विश्वचषकात त्यांनी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये अमेरिकेला शूटआऊटमध्ये हरवलं. उपांत्य सामना मडगावच्या फातोर्डा मैदानावर कोलंबियाविरुद्ध, गोलशून्य, तोही शूटआऊटपर्यंत, आणि तिथे त्या हरल्या. पुन्हा नवी मुंबईत तिसऱ्या क्रमांकासाठी जर्मनीशी ३-३ अशी बरोबरी आणि शूटआऊटमध्ये विजय. तीन बाद सामने, तिन्ही शूटआऊट. कांस्यपदक गळ्यात घालून नाचणाऱ्या त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली ज्या वरिष्ठ संघात जाणार होत्या, त्या संघाच्या मोठ्या बहिणी तीन महिन्यांपूर्वीच पैशांसाठी सराव बंद करून बसल्या होत्या. कुठल्याही देशातली गुणी मुलगी फुटबॉल सोडते तेव्हा त्यामागे असली काहीतरी बातमी असते.

२०२३ मध्ये तंटा स्पर्धेच्याही आधी सुरू झाला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या विश्वचषकाला निघण्यापूर्वी प्रशिक्षक रँडी वॉल्ड्रम यांनी तयारीचं शिबिर रद्द झाल्याबद्दल आणि थकलेल्या पैशांबद्दल महासंघावर उघड टीका केली. थकलेल्यात त्यांचा स्वतःचा पगारही होता. महासंघाच्या प्रवक्त्याने त्यांनाच धारेवर धरलं. अशा वातावरणात गेलेल्या संघाने कॅनडाला गोलशून्य रोखलं. गोलरक्षक चियामाका न्नाडोझीने कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरची पेनल्टी अडवली. मग ब्रिस्बेनमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवलं. बाद फेरीत इंग्लंडला १२० मिनिटं एकही गोल करू दिला नाही. शूटआऊटमध्ये नायजेरियाची पहिली पेनल्टी घ्यायला पुढे आली ती ओपारानोझी, चार वर्षांनी विश्वचषकाला परतलेली. चेंडू बाहेर गेला. इंग्लंड जिंकलं.

दुसऱ्या दिवशी खेळाडूंच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफप्रोने, निवेदन काढलं: नायजेरियाच्या खेळाडूंचे बोनस, शिबिरभत्ते आणि खर्च महासंघाकडे थकले आहेत, काही तर २०२१ पासूनचे. या निवेदनात एक नवी गोष्ट होती. आतापर्यंत मुली एकट्या बसायच्या, आता पाठीशी संघटना होती. त्याच स्पर्धेत फिफाने प्रत्येक खेळाडूमागे रक्कम ठरवून दिली होती: गटफेरीसाठी ३०,००० डॉलर, बाद फेरीच्या पहिल्या टप्प्यासाठी ६०,०००. ती महासंघांमार्फतच जाणार होती, त्यामुळे धोका संपला नव्हता. पण आकडा जगजाहीर होता. 'तुमचं किती ठरलं होतं?' या प्रश्नाला खेळाडूकडे पहिल्यांदाच छापील उत्तर होतं, आणि माझ्या मते हा बदल कुठल्याही आश्वासनाहून मोठा आहे.

दक्षिण आफ्रिकेतही त्याच विश्वचषकाच्या तोंडावर असंच घडलं, ते इथे जोडून बघावं. आफ्रिकेच्या विजेत्या 'बान्याना बान्याना' संघाने करारातल्या पैशांवरून आणि खराब मैदानावरून बोट्स्वानाविरुद्धचा सामना खेळायला नकार दिला. महासंघाने घाईघाईने दुसराच संघ उतरवला, त्यात तेरा वर्षांची मुलगी होती. तो संघ ५-० ने हरला. शेवटी मोत्सेपे प्रतिष्ठानने साठ लाख रँड दिले आणि संघ विश्वचषकाला गेला. प्रश्न सुटला, पण सोडवला तो दानशूराने. नायजेरियात २०१६ मध्ये तो राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने सोडवला होता. दोन्हीकडे पैसे आले ते मेहेरबानीच्या दारातून.

म्हणूनच २०२५ च्या जल्लोषाकडे मी थोडा वेगळ्या नजरेने बघतो. २६ जुलै २०२५ ला रबातमध्ये आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात मोरोक्को २-० ने पुढे होतं. एस्थर ओकोरोन्क्वोची पेनल्टी, फोलाशादे इजामिलुसीचा गोल आणि ८८ व्या मिनिटाला जेनिफर एचेगिनीचा. ३-२. दहावं अजिंक्यपद. 'मिशन एक्स' म्हणून त्या या दहाव्याच्या मागे लागल्या होत्या. दोन दिवसांनी अबुजामध्ये राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी प्रत्येक खेळाडूला एक लाख डॉलरइतक्या नायरा, तीन खोल्यांचं घर आणि राष्ट्रीय सन्मान जाहीर केला. राज्यपालांच्या मंचाने प्रत्येकीला एक कोटी नायरा वर दिल्या. नऊ वर्षांपूर्वी संसदेबाहेर उभ्या राहिलेल्यांचा वारसा सांगणाऱ्या मुलींना हे मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांनी ते कमावलंय.

पण बक्षीस आणि देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, ते एक लाख असू शकतं आणि शून्यही. देणं ठरलेलं असतं, तारखेवर असतं, मागताना मान खाली घालावी लागत नाही. जी व्यवस्था जिंकलेल्याला महाल देते आणि तिसऱ्या क्रमांकासाठी खेळणाऱ्याचा भत्ता थकवते, ती दोन्ही वेळा एकच गोष्ट सांगते: पैसे आमच्या खुशीने. २०१६ मध्ये अबुजात काय करता आलं असतं, याचं उत्तर म्हणून अवघड नाही. स्पर्धेला निघण्यापूर्वी खेळाडूंच्या प्रतिनिधींशी लेखी करार. त्यात प्रत्येक फेरीचा बोनस आणि तो देण्याची तारीख. संघ पूर्ण जिंकेल असं धरून तेवढी रक्कम आधीच वेगळ्या खात्यात. आणि आफ्रिकन महासंघाकडून येणाऱ्या बक्षिसाच्या रकमेतला खेळाडूंचा वाटा आधीच ठरलेला. आता ती रक्कमही लहान राहिलेली नाही: विजेत्याला २०२२ मध्ये पाच लाख डॉलर होते, रबातच्या स्पर्धेत दहा लाख. नॉर्वेच्या महासंघाने २०१७ मध्येच पुरुष आणि महिला संघाला सारख्या मोबदल्याचा करार खेळाडूंशी केला. त्यासाठी नॉर्वे असणं गरजेचं नव्हतं. कराराला बसणं गरजेचं होतं.

रबातमधल्या त्या विजयानंतर चार महिनेही झाले नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच शहरात नायजेरियाचा पुरुष संघ विश्वचषक पात्रतेच्या प्लेऑफसाठी उतरला होता, समोर गॅबन. सामन्याच्या दोन दिवस आधी खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी सरावाला जायला नकार दिला. कारण थकलेले बोनस. तंटा सामन्याआधीच मिटला, ठरल्या दिवशी संघ मैदानात उतरला आणि जादा वेळेत गॅबनला ४-१ ने हरवलं.